असली तरी काय झालं?

देवळाबाहेर बसवलेल्या सुनेची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. वैजापूरच्या मेळाव्यात ऐकली असेल, शेंद्र्याला कारखान्यातल्या बायकांसमोर ऐकली असेल, नाहीतर आमच्या पत्रकात वाचली असेल – पिवळा कागद, ठळक काळं शीर्षक, खाली माझं नाव. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, हे मला पाठ आहे. पण त्या गोष्टीतलं एक वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, माझ्याबरोबर भिंतींवर घोषणा रंगवणाऱ्या संघटनेतल्या मैत्रिणींना नाही. तुम्हाला सांगतेय. का तुम्हाला? माहीत नाही. तुम्ही समोर बसलेल्या नाही आहात, म्हणून असेल.

मला दुसऱ्यांविरुद्ध लिहायची सवय आहे. जाहीर निषेध, जाहीर सवाल, धिक्कार – हे मला झोपेतही जमतं. स्वतःविरुद्ध लिहायला बसले तर पहिलं वाक्यच हाताला येईना. म्हणून सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला वाटेल, ही टाळतेय. वाटू द्या. थोडं खरंही आहे ते.

आमचं घर पूर्वी भिक्षुकीचं. आता तसं काही राहिलेलं नाही. बाबा बँकेतून निवृत्त झाले, दादा शेंद्र्याला कंपनीत इंजिनियर आहे. पण देवघर राहिलं, आणि देवघर होतं आत्याच्या ताब्यात. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. घरात तिचा शब्द शेवटचा, आणि तिच्याशी भांडणारी मी एकटी. पाळी आली की बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, हा तिचा नियम. तो मी कॉलेजात असताना मोडला. मोडला म्हणजे कसा – स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं सांगायचे, ‘आत्या, माझी पाळी आहे आणि मी भाजी चिरतेय.’ ती ते दिवस दूध-केळ्यांवर काढायची. मी सांगायचं आणि तिनं उपाशी राहायचं, असा आमच्यात करारच होता म्हणा ना. मला त्याचा केवढा अभिमान होता. मी लपवत नाही. लपवणारी बाई मी नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण घरातल्या सगळ्यांनीही ते पक्कं लक्षात ठेवलं होतं.

वहिनी – सुवर्णा – वैजापूरकडच्या शेतकरी घरातली. दादाची आणि तिची ओळख कंपनीत झाली. लग्न रजिस्टर केलं. आत्या त्या दिवशी घरातून हलली नाही. नंतर वहिनी घरात आली, राहू लागली, आत्या तिच्याशी वाईट वागली असंही नाही. पण आमच्याकडे एक रीत आहे. नवी सून कुलदेवीला न्यायची. घरातल्या थोरल्या बाईनं तिच्या हातून देवीची ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा. मग ती कुळातली. तोपर्यंत देवघराला हात नाही, सणाचा स्वयंपाक नाही, नवरात्राच्या घटाला पाणी घालणं नाही. आत्यानं हे नेणंच लांबणीवर टाकलं. आज गुडघा दुखतो, उद्या एकादशी, परवा अधिक महिना. वर्ष उलटून गेलं. दादा चिडायचा, मी तर पेटायचे. मी वहिनीला म्हणायचे, कशाला पाहिजे तुला ते देवघर? ती म्हणायची, ‘तुम्हाला नकोय ताई, कारण तुम्हाला कुणी अडवलं नाय.’

मी त्यावर वाद घातला होता. बराच.

तिनं वाद घातला नाही. ती रोज संध्याकाळी आत्याच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर बसून देवीची आरती शिकली. आमची आरती जुनी आहे, वळणं अवघड आहेत. आत्या आतून म्हणायची, वहिनी बाहेरून. चुकली की आत्या म्हणायची, ‘वैजापूरच्या बाजारात कांदा पुकारत नाहीयेस. हळू.’ वहिनी हसायची, पुन्हा म्हणायची. आणि एक दिवस आत्यानंच विषय काढला.

दादानं तेव्हा नुकतेच तंबू घेतले होते. थंडीत सगळ्यांनी फर्दापूरला जायचं, मोकळ्यावर तंबू ठोकायचे, दुसऱ्या दिवशी अजिंठ्याची लेणी, असा त्याचा बेत. आत्या म्हणाली, घर असताना माणसं ताडपत्रीखाली झोपायला जातात हे मला कळत नाही, पण देवीचं गाव वाटेवर आहे. आधी देवी, मग तुमची ताडपत्री. दादानं तिला उचलायचंच बाकी ठेवलं. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, केतकी, उद्याचा एक दिवस तोंड बंद ठेव. सुवर्णाचं काम होऊ दे. मी ठेवीन म्हणाले. मनापासून म्हणाले.

सकाळी निघालो. दादा गाडी चालवत होता, शेजारी बाबा. मधे आत्या, आई आणि वहिनी. मागे तंबूंच्या पिशव्यांमध्ये मी, आणि माझ्या मांडीवर नैवेद्याचा डबा. आत्यानं पहाटे सोवळ्यात पुरण केलं होतं. डबा ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्याकडे. वहिनीनं हिरवं काठापदराचं लुगडं नेसलं होतं आणि ती ओठांतल्या ओठांत आरती म्हणत होती. शहर सुटलं, हर्सूल गेलं, फुलंब्री गेलं. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस. बाबा रस्त्याच्या कामावर बोलत होते, आत्या झोपल्यासारखी बसली होती. आणि फुलंब्रीच्या पुढं माझ्या ओटीपोटात कळ आली.

आठवडाभर आधी. माझ्याजवळ काही नव्हतं.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. मी वहिनीला खुणेनं बोलावलं. तिच्या पर्समध्ये नेहमी एक पाकीट असतं, ते तिनं फोडलं, मला पॅड दिलं. बाहेर यायच्या आधी मी तिचा हात धरला आणि म्हटलं, वहिनी, कुणाला बोलू नकोस. आत्ता कळलं तर आत्या गाडी फिरवायला लावेल, तुझा दिवस जाईल. ती म्हणाली, नाय बोलणार. मला तेव्हा वाटलं, मी तिच्यासाठी करतेय. आजही त्या पंपावरच्या माझ्याबद्दल मला फार राग येत नाही. तिथवर ठीक होतं. मी परत येऊन मागे बसले आणि डबा पुन्हा मांडीवर घेतला.

देऊळ गावाच्या टोकाला आहे. दगडी पार, पाराला लागून चिंच, समोर हारनारळाची एक टपरी. आम्ही चपला काढल्या. आत्यानं ओटीचं ताट मांडायला घेतलं – खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. हळदीकुंकवाची डबी वहिनीच्या पर्समध्ये होती. वहिनी नळावर पाय धुवत होती. आत्यानं स्वतःच पर्समध्ये हात घातला आणि डबीबरोबर ते पाकीट बाहेर आलं. फोडलेलं.

ती ओरडली नाही. आत्या कधी ओरडत नसे. वहिनी ओले पाय घेऊन आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, ‘सुवर्णा, अडचण आहे का तुला?’

‘नाही आत्या.’

‘मग हे आज कुणी फोडलं?’

बघा, वहिनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तरी चाललं असतं. एक नजर वर केली असती तरी सगळ्यांना कळलं असतं. तिनं पायाशी पाहिलं. तिनं मला शब्द दिला होता ना.

मग आईच्या मनात शंका आली. आई हळूच माझ्याकडे वळली, ‘केतकी, तुझं नाही ना गं?’

माझ्या आधी आत्याच बोलली. म्हणाली, ‘हिचं असतं तर हिनं हर्सूलपासून ओरडत आणलं असतं.’

दादा हसला. बाबासुद्धा हसले, इतक्या अवघड वेळी. आणि मी – मीही हसले. हसत हसत म्हटलं, ‘नाही.’

हेच ते वाक्य. एका शब्दाचं. नाही.

का म्हटलं? पंपावरचं कारण तिथं शिल्लक नव्हतं. वहिनीचा दिवस वाचवायचा तर आता खरं बोलणं हाच एक मार्ग होता. पाकीट माझ्यासाठी फोडलं, बाहेर मी बसते, तुम्ही आत जा. एवढं तर बोलायचं होतं. आणि मला बाहेर बसण्याचं काय? मी देवळात जाणारीच नव्हते. माझं काय गेलं असतं? भांडण झालं असतं, नैवेद्याचा डबा माझ्या मांडीवर होता म्हणून आत्या पेटली असती, आणि वहिनी आत गेली असती. आज नाही तर पुढच्या आठवड्यात गेली असती. मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केलाय. मला लाज वाटली. साधी, बायकी म्हणून मी जिची टिंगल करते ती लाज. बाबांसमोर, दादासमोर, हारवाल्या बाईसमोर. सांगायचं असतं तेव्हा मी सांगते – वेळ मी निवडते, आवाज मी निवडते. इथं मी सापडले होते. लपवताना सापडले होते. ज्या पोरीनं हर्सूलपासून ओरडत आणलं असतं, तिनं पंपावर कुजबुजून पॅड मागितलं होतं, हे आत्याला कळणार होतं. ते मला सोसवलं नाही.

तरी इथं थांबले असते तर निदान नुसती भित्री ठरले असते. मी थांबले नाही.

आत्या वहिनीला म्हणाली, खोटं बोलून देवीच्या पायाशी जाणार होतीस? आणि मी मधे पडले. पत्रकात जे भाषण छापलंय ते इथलं. शब्द न् शब्द खरा आहे. ‘असली तरी काय झालं?’ – इथून मी सुरू केलं. ज्या रक्तातून माणूस जन्मतो त्याचा विटाळ कसा, देवी बाई आहे की नाही, तिला काय कळत नाही का, तुमचा देव एवढा दुबळा आहे का. माझा आवाज देवळात घुमला. हारवाली बाई उठून बघायला आली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं – मी त्याच्या बायकोसाठी उभी राहिले म्हणून.

असली तरी. तुमच्या लक्षात येतंय का मी काय केलं? वहिनी सांगत होती, नाही. मी म्हणत होते, असली तरी. मी जितक्या मोठ्यानं तिची बाजू घेतली तितकं सगळ्यांना पक्कं झालं की पाळी तिलाच आहे. आत्याचा नुसता संशय होता, त्यावर शिक्का मी मारला. आणि मला ते कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. बोलताना मधेच कळलं. कळल्यावर मी आवाज आणखी चढवला.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘झालं तुझं? डबा कुणाच्या मांडीवर होता?’

आई म्हणाली, ‘केतकीच्या.’

‘मग चालेल.’

तो नैवेद्य आत गेला. आत्या आणि आई आत गेल्या. वहिनी पारावर बसली. आतून आरती ऐकू आली, आत्याच्या जुन्या वळणांची, आणि वहिनीचे ओठ हलले नाहीत. बाहेर आल्यावर आत्यानं प्रसादाचा तुकडा तिच्या शेजारी पारावर ठेवला – हातात दिला नाही – आणि म्हणाली, पाळी काय, बाईला येतेच. पण तोंडावर खोटं बोलणारी सून मी देवीला नाही देणार. देवीनंच दाखवलं म्हणायचं.

फर्दापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दादानं कुणाशी न बोलता तंबू ठोकले. सगळ्यांचे एका रांगेत, आणि आत्याच्या सांगण्यावरून एक छोटा बराच पलीकडे, बाभळीखाली. दादा नाही म्हणत होता, तर वहिनीच म्हणाली, राहू द्या. तो तंबू ठोकायला मी मदत केली. मेखा मी मारल्या. आई मला म्हणाली, तू बोललीस ते बरं केलंस बाई, मला कधी जमलं नसतं. बाबांनी पाठीवर हात ठेवला. चूल पेटली, भाकरी झाल्या, आत्या खुर्चीवर शाल पांघरून बसली होती, आणि मी ताट घेऊन त्या छोट्या तंबूकडे गेले. म्हटलं, आता सांगते. निदान तिची माफी मागते.

ती आत पाय मुडपून बसली होती, लुगडं अजून तेच. मी वाकून आत शिरले. मला वाटलं ती रडत असेल, चिडली असेल. माझी तशी तयारी होती. तिनं ताट घेतलं, बाजूला ठेवलं, आणि पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली.

‘लई दुखतंय का ताई? ओवा हाय. गरम पाण्यासंगं घ्या.’

मी पुडी घेतली. म्हटलं, नाही फारसं. आणि बाहेर आले.

माफी मागितली नाही. परत आल्यावर कधीतरी सांगू, आत्याचा राग निवळला की सांगू, असं करत राहिले. मग आमच्या पत्रकासाठी ‘घरातली उदाहरणं’ मागवली गेली. बाहेरच्यांचं सगळेच लिहितात, आपल्या घरातलं लिहायची हिंमत आहे का, असा सवाल होता. मी एका बैठकीत लिहून काढलं. आत्या खलनायिका, वहिनी मुकी गाय, मी तेवढी पेटलेली. मैत्रिणींनी वाचून मिठी मारली. गठ्ठे घरी आले. घड्या घालायला माणसं कमी पडली तेव्हा वहिनी येऊन बसली. तिनं पहिली प्रत वाचली, सगळी वाचली, सावकाश. मी तिच्या हातांकडे बघत होते. ती म्हणाली, ‘नाव नाय टाकलं माझं, बरं केलं.’ आणि घड्या घालू लागली. तिच्या हातच्या घड्या मी गावोगाव वाटल्या.

त्या सभांमध्ये बायका रडल्या आहेत. माझ्यानंतर उठून स्वतःचं सांगितलं आहे, जन्मात पहिल्यांदा. तुम्हीही असाल त्यांच्यात. तुम्ही खरं बोललात. मी तुमच्याआधी उभी राहून खोटं बोलले होते. आम्ही सांगतो ते चूक आहे असं कुणी यावरून म्हणू नये – विटाळ ही थापच आहे, उद्याही मी हेच म्हणेन. पण ते पत्रक मी मागं घेतेय. दादाला सगळं इथंच कळेल, तुमच्याबरोबर. त्याला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आत्याला अर्धांगवायू झाला तो पुढच्या पावसाळ्यात. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, समजत सगळं होतं. आईचे गुडघे गेलेले, मी कायम फिरतीवर. तिचं सगळं वहिनीनं केलं. सगळं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. अंघोळ, भरवणं, अंथरूण, कूस बदलणं. आत्या तिच्या हातची पेज घ्यायची, औषध घ्यायची. सकाळचं देवाचं तीर्थ मात्र नाही. वहिनी पळी घेऊन आली की ओठ घट्ट मिटायची, अर्धे चालणारे ओठ, तरी मिटायची. मग मी घरी असले की आई मला हाक मारायची. माझी पाळी असली तरी मारायची – म्हणायची, तू निदान खरं सांगतेस. देवाला न मानणारी मी तीर्थ घालायचे आणि आत्या तोंड उघडायची. कितीदा तिच्या कानाशी वाकले असेन. ऐकू येत होतं तिला. दोन वाक्यं पुरली असती. तिच्या शेजारी पळी घेऊन वहिनी उभी असायची.

गेली ती दुपारी. श्वास लागला तसं वहिनीनं तिला उशीवरून उचलून डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. आईनं देवघरातून गंगेची कुपी आणली, फोडली, आणि वहिनीच्या हातांवरून पुढं करून माझ्या हातात दिली.

मी घेतली. पाणी मी घातलं.